सादा नमस्कार, विनंती विशेष

प्रति,
प्राध्यापक सादा,
झीरो लॅब, एरिया झीरो,
पाल्डेआच्या महाविवराचा तळ.
तिथे सापडल्या नाहीत तर अतिप्राचीन काळी, जिथे असतील तिथे.

महोदया,

सा. न. वि. वि.

या अक्षरांचा आमच्याकडचा अर्थ 'साष्टांग नमस्कार विनंती विशेष' असा. पण साष्टांग घालण्याइतकी माझी कंबर आता लवत नाही आणि तेवढी तुमची पुण्याईही नाही, तेव्हा यातला 'सा' सादा समजून घ्यावा. तुमच्या नावाने माझी आधीच पुष्कळ करमणूक झाली आहे. स्पॅनिशमध्ये भूतकाळाला जो शब्द आहे त्याचं डोकं उडवून तुमचं नाव केलं, असं जाणकार सांगतात. आमच्याकडे मात्र सादा म्हणजे बिनमसाल्याचा. हॉटेलात सादा डोसा मिळतो, टपरीवर सादं पान मिळतं. पाल्डेआत सादा या नावाखाली जे वाढतात त्यात मसाला सोडून दुसरं काहीही नाही, हे कळायला मला साठ तास लागले.

परवा शनिवारी रात्री पावणेबारा वाजता मी 'पोकेमॉन स्कार्लेट' संपवला. खेळ २०२२ च्या नोव्हेंबरातला, पण आमच्या घरात नवा तो नवा. भावाने दुबईहून येताना निन्टेन्डो स्विचबरोबर आणला तेव्हा तो आमच्यापुरता प्रकाशित झाला. ज्यांनी तो अजून पुरा केलेला नाही त्यांनी हे पत्र इथेच मिटावं. पुढे वाचलं तर ते माझ्या नावाने बोटं मोडतील, आणि ती बोटं त्यांना बटणं दाबायला लागणार आहेत.

मी या भानगडीत पडले ती अंड्यांमुळे. चिरंजीवांची चाचणी परीक्षा सुरू होती, आणि त्यांनी जाता जाता यंत्र माझ्या हातात दिलं: "आई, जरा एवढी अंडी फोडून दे ना." या खेळात अंडं उबवायचं म्हणजे बरोबर घेऊन चालत राहायचं. किती चालायचं ते अंड्याच्या मर्जीवर. म्हणून मी ओट्यापाशी उभी राहून एका हाताने आमटी ढवळत, दुसऱ्या हाताने एका लाल सरड्यावर बसून मैदानात गोल गोल फिरत होते. कुकरच्या तीन शिट्ट्यांत एक अंडं फुटायचं. चौथ्या दिवशी माझ्या लक्षात आलं, की अंडी संपली आहेत, परीक्षाही संपली आहे आणि मी अजून फिरतेच आहे. मग मी स्वतःचं वेगळं खातं उघडलं. नाव विचारलं तेव्हा काही सुचेना. घरात ज्या नावाने दिवसातून दोनशे वेळा हाक येते तेच रोमन लिपीत टाकलं: आई.

पुढे याच नावाने घात केला. त्याचं नंतर सांगते.

तुमचा प्रदेश सुंदर आहे, हे आधी मान्य करते. स्पेन आणि पोर्तुगालवर बेतलेला पाल्डेआ, त्यात ऑलिव्हच्या बागा, ऊन, आणि मधोमध ते भलंमोठं विवर. शाळा तर अशी, की माझ्या मुलाने तिथे बदली मागितली आहे. मुख्याध्यापक क्लॅव्हेल स्वतः घरी येतात आणि तीन पिल्लांतलं एक निवडायला सांगतात. आमच्याकडे मुख्याध्यापक घरी आले तर पोटात गोळा येतो. मग शाळा मुलांना चक्क 'खजिना शोधायला जा' म्हणून बाहेर सोडते. कुठला खजिना, तो कसा दिसतो, किती गुणांसाठी आहे, काही सांगत नाही. वर्गमैत्रीण नेमोना ही त्या भागातली विजेती. पण ती मुद्दाम आपल्यापुढे पडेल असंच पिल्लू निवडते आणि हरली की टाळ्या पिटते. अशी मुलगी मी फक्त लग्न ठरवायला आलेल्या लोकांच्या वर्णनात ऐकली होती.

एक माणूस मला तुमच्या प्रदेशात मनापासून आवडला. लॅरी. मेडाली गावचा जिम-प्रमुख, म्हणजे तिथल्या लढतींच्या आखाड्याचा वस्ताद. गळ्यात टाय, चेहऱ्यावर महिनाअखेर. त्याच्याकडचे पोकेमॉनही 'नॉर्मल' जातीचे, म्हणजे अगदी सर्वसाधारण. त्याला हरवून मी पुढे गेले आणि विजेतेपदाच्या परीक्षेत चार महारथींत पुन्हा हाच उभा, आता उडत्या पोकेमॉनांसह. वरून हुकूम आला म्हणून दोन्ही खुर्च्या सांभाळतो. मी बँकेत आहे. शेजारच्या शाखेचा कॅशियर रजेवर गेला की दोन्हीकडच्या किल्ल्या कोणाच्या पर्समध्ये असतात ते मला विचारा. लॅरीला हरवताना मला वाईट वाटलं, आणि त्याच्यावर हुकूम सोडणाऱ्या सर्वोच्च विजेत्या गीताबाईंना हरवताना अजिबात वाटलं नाही. हो, इंग्रजी आवृत्तीत त्यांचं नाव खरोखर गीता आहे. कर्म करावं, फळाची अपेक्षा लॅरीने ठेवू नये.

खेळ सगळाच गुळगुळीत आहे असं नाही. दूरच्या पवनचक्क्या एकेक पातं विचार करून हलवतात, लांबून चालणारी माणसं ठेचकाळत येतात. बाजारात आला तेव्हा यावरून जगभर आरडाओरड झाली आणि करणाऱ्यांनी दिलगिरीही व्यक्त केली. मात्र त्याआधी पहिल्या तीन दिवसांतच या जोडखेळाच्या एक कोटीहून अधिक प्रती खपल्या होत्या, त्यामुळे दिलगिरी जरा आरामात व्यक्त झाली असणार. कुठल्याही दिशेला जा, कोणालाही आधी भिडा असं म्हणतात, पण प्रत्येक जिमची ताकद आधीच ठरलेली आहे. चुकीच्या वाटेने गेलात तर मार खाता, आणि परत आलात तर उरलेले लोक फुंकरीने पडतात. या तक्रारी इतरांनी पुष्कळ केल्या आहेत. माझी तक्रार तुमच्याबद्दल आहे.

पहिल्यांदा तुम्ही फोनच्या पडद्यावर दिसलात. पांढरा कोट, आणि कोटाखाली आदिमानवाचा पेहराव. गळ्यात दातांची माळ. मला वाटलं, वा, कामाला वाहून घेतलेली बाई. आमच्याकडे इतिहासाच्या बाई नऊवारी नेसून येत नाहीत. तुम्ही गोड आवाजात, म्हणजे आवाज नाहीच या खेळात, नुसती तोंडं हलतात आणि खाली अक्षरं उमटतात. तर गोड अक्षरांत मला सांगितलंत, की हा कोराइडॉन सापडलाय त्याला नीट सांभाळ. हा कोराइडॉन म्हणजे माझा लाल सरडा. समुद्रकिनाऱ्यावर अर्धमेला पडला होता. आईने डब्यात दिलेलं सँडविच मी त्याला दिलं. त्याच्या गळ्याखाली टायरसारखं गुबगुबीत चाक आहे आणि धावतो मात्र चारी पायांनी. तुमच्या एकूण संशोधनाचा यापेक्षा नेमका सारांश मला करता येणार नाही.

तुम्ही त्याची चौकशी केलीत. ऊन लागतं का, खातो का, अंगात त्राण आहे का.

तो सापडला तिथून हाकेच्या अंतरावर, दीपगृहातल्या तुमच्या जुन्या प्रयोगशाळेच्या दाराशी, तुमचा मुलगा उभा होता. त्याच्याबद्दल काही विचारलं नाहीत.

आता आर्वेनबद्दल. पाठीवर जवळजवळ स्वतःएवढं दप्तर, एका डोळ्यावर केस, बोलणं तिरसट. कोराइडॉनकडे तो असा बघतो जसं आपण सवतीच्या पोराकडे बघावं. तेव्हा मला राग आला, मुक्या जनावराचा कसला हेवा करतोस म्हणून. मग एकेक करून कळत गेलं. आई कामाला गेली ती विवरात गेली. घरी तो आणि एक कुत्रा, मॅबॉस्टिफ. हे दोघे एकदा आईच्या मागावर त्या विवरात उतरले आणि तिथल्या कुठल्याशा जनावराने कुत्र्याला इतकं फाडलं, की कुठल्याच दवाखान्यात तो बरा होईना. मुलगा जुनं पुस्तक चाळतो, त्यात पाच दिव्य वनस्पतींचा उल्लेख सापडतो, आणि हा शाळकरी पोरगा त्या राखणाऱ्या पाच महाकाय पोकेमॉनांच्या मागे लागतो. हर्बा मिस्टिका म्हणतात तिला: गोड, खारट, आंबट, कडू, तिखट. तुरट तेवढी नाही. आयुर्वेदाच्या हिशेबाने औषध एका रसाने कमी पडतं, पण पोराने भागवून घेतलं.

आणि तो करतो काय? सँडविच. दर वेळी वनस्पती मिळाली की दगडावर बसून पाव कापतो, टोमॅटो ठेवतो, वर पाला चुरतो आणि कुत्र्यापुढे धरतो. पहिल्या खेपेला कुत्र्याचे डोळे जेमतेम किलकिले होतात. आपण घासभर मागितलं तर कुरकुरत देतो. तुमच्या कोराइडॉनलाही देतो, तोंड फिरवून. मी स्वतः या खेळात सँडविचं करून पाहिली आहेत, प्राध्यापक. पावावर एकेक चकती सोडायची असते आणि ती घसरते. टोमॅटो तर मुद्दाम घसरतो. वरचा पाव नेम धरून टाकावा तर तो पलटी खाऊन गवतात. हे काम नेटकं यायला किती वेळा एकट्याने करावं लागत असेल, याचा हिशेब माझ्या डोक्यात आपोआप झाला. बँकेची सवय.

कुठल्याही मुलाला वय वर्षं दहाच्या आत स्वयंपाक नेटका येत असेल तर त्याचं कौतुक करायच्या आधी घरात डोकवावं, असं माझी सासू म्हणते. तिच्याशी माझं फारसं कशावर जमत नाही. यावर जमतं.

तुम्ही म्हणाल, आमच्या घरचं तुला काय करायचंय? खरं आहे. पण हा मामला तुमच्या एकटीच्या घरचा नाही. १९९६ साली जपानात हे खेळ सुरू झाले तेव्हापासूनची घराण्याची रीतच आहे: दहाबारा वर्षांचं मूल उंबरठा ओलांडतं, आई दारातून हात हलवते आणि वडील बहुतेक वेळा कथेतच नसतात. ज्यांच्या डोक्यातून हे निघालं त्या सातोशी ताजिरींना लहानपणी किडे गोळा करायचा नाद होता. भटका, शोधा, डबीत भरा, मित्राला दाखवा. पहिल्या खेपेला एकशे एक्कावन्न जीव होते. आता हजारावर गेलेत. इतक्या वर्षांत कोणी थांबून विचारलं नाही, की गोळा करणाऱ्याचं वय वाढलं आणि नाद तेवढाच राहिला तर काय होतं? आणि घर सोडून निघालेलं ते मूल नसून आई असली, आणि उंबरठ्यात हात हलवत मूलच उभं राहिलं, तर?

नवव्या पिढीत उत्तर आलं. ते तुम्ही.

कारण तुम्ही वेगळं काही केलेलंच नाहीत. आम्ही पाल्डेआतले चारशे गोळा करायला धडपडत होतो, तुम्हाला ते पुरेना म्हणून तुम्ही कालयंत्र बांधलंत आणि थेट भूतकाळात पोकेबॉल, म्हणजे पोकेमॉन पकडायचे चेंडू, सोडून तिथली जनावरं उपसायला लागलात. मी एका टीचभर भुताला मोठं करायला नऊशे नव्व्याण्णव सोन्याची नाणी गोळा केली आहेत, त्यामुळे तुमचा हव्यास मला परका नाही. किल्ल्यांच्या पडक्या बुरुजांवर चढून एकेक नाणं. रात्रीचा दीड वाजलेला. शेवटची सहा नाणी बाकी असताना चिरंजीव उठून पाणी प्यायला आले, मला बघितलं आणि काही न बोलता परत गेले. ती नजर मी विसरत नाही. हे मी का सांगते आहे? सोडा.

तुम्ही त्या उपद्व्यापाला स्वर्ग म्हणालात. प्राचीन जीव आणि आजचे जीव एकत्र नांदतील असा स्वर्ग. मी पुण्यात वाढले आहे. बाहेरून आलेलं काहीही इथे आपोआप गुण्यागोविंदाने नांदेल असं सांगणाऱ्यांना मी आमच्या सोसायटीमागचा मोकळा प्लॉट दाखवते. कमरेएवढं गाजरगवत. १९५०च्या दशकात भारतात त्याची पहिली नोंद पुण्यातच झाली. त्यानंतर त्याने देशात कुठे पाय पसरायचे ठेवले नाहीत. खाज, शिंका, दमा, गुरं तोंड लावत नाहीत. ते निदान धान्याबरोबर चुकून आलं म्हणतात. तुम्ही तर दार उघडून, आसन मांडून, नावं ठेवून बोलावलंत. आणि कोणाला? पिसाळलेल्या हत्तीला जादा दात लावल्यासारखे ते जीव. विवराच्या भिंती उंच आहेत म्हणून पाल्डेआ वाचला. तुमच्या नियोजनामुळे नव्हे.

तर तुमच्याच फोनवरच्या बोलावण्यावरून आम्ही चौघे खाली उतरलो: नेमोना, कोणाशी न बोलणारी हुशार पेनी, आर्वेन आणि मी. साठ तासांत मी खेळाला जितक्या शिव्या दिल्या तितक्या या शेवटच्या दोन तासांनी परत घ्यायला लावल्या. वरचं ऊन हळूहळू निवतं, खाली सगळं स्फटिकासारखं चकाकत असतं, पोरं चालता चालता आपापल्या घरच्या गोष्टी काढतात. वाटेत तुमची चार संशोधनकेंद्रं लागतात, धुळीने भरलेली. नोंदी तशाच पडलेल्या. मी सगळ्या वाचल्या. कागदावर तुमचं अक्षर नाही, छापील मजकूर आहे, तरी बाई, ओळीओळीतून समजत होतं, की या बाईला स्वतःशी बोलायची इतकी सवय लागली आहे की दुसरं कोणी ऐकत असेल हेच ती विसरली.

आणि तळाशी तुम्ही नव्हताच.

तिथे होतं ते तुमच्या रूपाचं, तुमच्या आठवणी भरलेलं यंत्र. फोनवर गोड बोलत होतं ते हेच. दीपगृहात आर्वेनला इतक्या दिवसांनी आईचा फोन आला, तो पुस्तक घेऊन धावत आला, तो फोनही याच यंत्राचा. तुम्ही केव्हाच गेला होता. दोन कोराइडॉन एकमेकांवर तुटून पडले, त्यातल्या गरीब कोराइडॉनला वाचवताना जीव गेला तुमचा. इथे मात्र माझी लेखणी जरा अडते. मुक्या जनावरासाठी जीव देणं ही साधी गोष्ट नाही, आणि मी ज्या सरड्यावर बसून अंडी फोडली तो तुमच्यामुळे जिवंत आहे. तेव्हा या एका गोष्टीसाठी, आणि एकाच, वरचा 'सा' पुन्हा साष्टांग समजायला हरकत नाही. पण बाई, धावलात की हो तुम्ही. म्हणजे धावता येत होतं.

यंत्र शहाणं निघालं. तुमच्याइतकीच बुद्धी, तुमचाच डेटा, पण त्याला जे दिसलं ते तुम्हाला दिसलं नाही: हे कालयंत्र बंद नाही केलं तर वरचं सगळं जग उद्ध्वस्त होईल. म्हणून त्याने पोरांना बोलावलं. आणि तुम्ही काय करून ठेवलं होतं? कालयंत्र कोणी बंद करू नये म्हणून या यंत्राच्याच डोक्यात कुलूप. बिचारं तोंडाने बंद करा म्हणतं आणि हाताने आमच्याशी लढतं. ते हरल्यावर दुसरं कुलूप: तुमच्या ओळखपत्राशी जोडलेले पोकेबॉल सोडून बाकी सगळ्यांचे बॉल बंद. मेलेल्या माणसाच्या नावावरची लॉकरची किल्ली कोणाकडे, हा प्रश्न मी दर आठवड्याला सोडवते, पण असा वारसाहक्क मी पाहिला नव्हता. स्वर्गाला दोन दोन कुलपं, आणि मुलाला एक निरोप ठेवायला सुचलं नाही? शेवटी उघडला तो एकच बॉल. कोराइडॉनचा. कारण तो तुमच्या नावावर होता. भित्रा सरडा, साठ तास सँडविचं खाऊन जाडजूड झालेला, तो उभा राहिला. मी इथे खुर्चीवरून उठले हे मान्य करते.

यंत्रावर माझा राग नाही, हेही नोंदवते. उलट एकदा मनात आलं, की माझ्याही जागी असं एखादं बसवलं तर कोणाच्या लक्षात येईल का? 'जेवलास का', 'अभ्यास झाला का', 'आता ते बंद कर' या तीन वाक्यांत माझं काम भागतं. मार्चअखेरीला तर मी शाखेतून फोनवर एवढंच बोलते, तेही दुसऱ्या हाताने व्हाउचर तपासत. तुमच्या यंत्राचा शब्दसंग्रह माझ्यापेक्षा पुष्कळ मोठा होता.

एक गोष्ट मात्र मला खटकली आणि ती तुमच्या बाजूने आहे. माझ्या नणंदेच्या मुलाकडे याच खेळाचा जुळा भाऊ आहे, 'पोकेमॉन व्हायोलेट'. त्यात तुमच्या जागी प्राध्यापक तुरो. बाकी सगळं तेच: तोच आर्वेन, तोच कुत्रा, तेच विवर, तेच एकटेपण, फक्त भूतकाळाऐवजी भविष्यकाळ आणि आईऐवजी बाप. मी भाच्याला विचारलं, आर्वेनच्या बाबांबद्दल काय वाटलं? तो म्हणाला, "काय वाटायचंय मामी? कामात होते ना ते." मग मी घरी येऊन चिरंजीवांना तुमच्याबद्दल विचारलं. तो ताडकन म्हणाला, "कसली आई आहे ती!" गोष्ट तीच, गुन्हा तोच. तुरो यांच्या डोक्यात तुरा, तुमच्या वाट्याला हे पत्र. मी हे पत्र लिहायला व्हायोलेटच्या वेळी बसले असते का, याचं उत्तर मला ठाऊक आहे आणि ते मला आवडलेलं नाही. तरी पत्र पाठवते आहे. तुरो यांची प्रत वेगळी निघेल.

आता शनिवारची रात्र. या खेळाला आवाज नाही म्हणून आमच्या घरात एक पद्धत पडली आहे: चिरंजीव आर्वेनचं वाचतात, मी बाकी सगळ्यांचं. इंग्रजीतून चालता चालता मराठी. त्याला नाटकात घेतलं नव्हतं शाळेत, त्यामुळे इथे तो जीव ओतून वाचतो. माझ्या खात्याचं नाव आई. म्हणजे आर्वेन पडद्यावर ज्या ज्या वेळी माझं नाव घेतो, त्या त्या वेळी माझा मुलगा शेजारी बसून, आर्वेनच्या तिरसट आवाजात, 'आई' म्हणतो. ज्या आर्वेनने आयुष्यात हा शब्द कोणाला धड वापरला नाही त्याच्या तोंडी. पहिल्यांदा आम्ही हसलो. दहाव्यांदा हसलो नाही.

झीरो लॅबमध्ये सगळं संपल्यावर यंत्राने आर्वेनला निरोप दिला. ते आता स्वतःच कालयंत्रातून जाणार होतं, कारण ते इथे असेपर्यंत कालयंत्र थांबणार नव्हतं. तुमचं स्वप्न बघायला तुमच्याऐवजी तेच गेलं. जाण्याआधी त्याने आर्वेनला सांगितलं, की मूळ सादांचं तुझ्यावर खरंच प्रेम होतं, त्यांच्या आठवणी माझ्याकडे आहेत म्हणून मला ठाऊक आहे. बाकी सगळ्यांचं वाचणं माझ्याकडे. म्हणजे हे वाक्यही माझ्याकडे. मी वाचलं. निम्म्यावर घसा खाकरला. तुमची माफी, प्राध्यापक, माझ्या आवाजात, माझ्या मुलाला ऐकावी लागली, आणि तुमच्या वाट्याचं वाचताना मी कुठे बघावं ते मला कळेना, म्हणून मी टीपॉयवरच्या त्याच्या रिकाम्या दुधाच्या पेल्याकडे बघत वाचलं.

मग आर्वेनची पाळी आली. पडद्यावर नुसती टिंबं.

चिरंजीव थोडा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "आई, टिंबं कशी वाचायची?"

मी बटण दाबलं नाही. त्यानेही घाई केली नाही.

कळावे, लोभ नसावा.

आपली,
आई
(हे खेळाडूचं नाव आहे; नातं लावू नये.)

ता. क. मॅबॉस्टिफ बरा आहे. उभा राहतो, भुंकतो, अंगावर येऊन चाटतो. तुम्ही विचारणार नाही हे माहीत होतं, तरी कळवलं.